हरायचं तरी कुणाबरोबर?

मंगळवार, १० जून २०२५
रात्री

भाच्याचा फोन आला होता संध्याकाळी. गहुंज्याला महाराष्ट्र प्रीमियर लीगची मॅच बघून आलाय, त्यामुळे पोराचं बोलणं थांबेना. कुठं बसलो, फ्लडलाइट केवढे असतात, सिक्स गेला की बॉल आपल्याच अंगावर येतोय असं कसं वाटतं, सगळं एका दमात. मग मध्येच म्हणाला, "आत्या, तुमची टीम तर आता नाहीच ना? मग तू आमच्यात ये."

"बरं, बघते" म्हटलं आणि फोन आईच्या हातात दिला. तेव्हापासून कशात लक्ष नाही. सकाळची वडाची पूजा, उपास, बँकेतली महिन्याच्या सुरुवातीची गर्दी, सगळं नीट पार पडलं होतं. दिवस चांगला गेला असं म्हणत पोळ्यांना बसणार, तेवढ्यात हे.

आई म्हणाली, "पोरगं मायेनं बोलवायलंय अन् तू तोंड पाडून बसलीस." तिला काय सांगणार? मायेनं बोलावलं, तेच तर लागलं. चिडवलं असतं तर मीही चार शब्द सुनावले असते, दादाला मध्ये ओढलं असतं, वहिनी हसली असती आणि विषय संपला असता. पण त्यानं चिडवलं नाही. त्याला माझं वाईट वाटलं. नऊ वर्षांच्या पोराला आपली कीव यावी, इतकं आपल्याकडे काहीच उरलं नाही का?

आता लिहायला बसलेय कारण झोप येणार नाही, आणि दिवे घालवून पडलं की तेच वाक्य कानात घुमतं.

२०२३ च्या जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सहा टीमच्या नावांत एक आपल्या संभाजीनगरचं, छत्रपती संभाजी किंग्स. आयकॉन खेळाडू तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. त्याच वर्षी मार्चच्या शेवटी आयपीएलच्या पदार्पणात त्यानं चेन्नईकडून गुजरातच्या तीन विकेट काढल्या होत्या. पोरगं तुळजापूरचं आहे एवढं कळल्यावर आईनं त्याला बघायच्या आधीच घरातला मानला. कुलस्वामिनीच्या गावचा म्हटल्यावर तिला धावा-विकेटांशी कर्तव्य नव्हतं.

टीम आपली, पण एकही मॅच आपल्या गावात झाली नाही. सगळी लीग गहुंज्याला, म्हणजे पुण्याच्याही पलीकडे. इथून अडीचशे किलोमीटर. गरवारे स्टेडियम इथंच सिडकोच्या पलीकडे आहे, आमखास मैदान आहे, पण आपल्या पोरांना आपल्या मैदानावर आपल्या नावाच्या कपड्यात मी कधी पाहिलं नाही. मोबाईलवर पाहिलं. मॅचच्या दिवशी नळाला पाणी यायचं असलं की मोबाईल मोरीच्या खिडकीत टेकवून ठेवायचा आणि ड्रम भरता भरता बघायचं. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर भरलेला असतो, आणि आमच्या नळाला पाणी येतं आठवड्यानं, कधी दहाव्या दिवशी. त्यामुळे पाण्याची रात्र सोडता येत नाही आणि शेवटच्या चार ओव्हरही सोडता येत नाहीत. ड्रम वाहून जायचा, हे ओरडायचे, मी म्हणायचे एवढा बॉल होऊ द्या.

आणि आपण हरायचो. दोन्ही हंगामांत फायनलपर्यंत पोचलो नाही. दोन्ही वर्षी कप रत्नागिरीनं नेला. पहिल्या वर्षी फायनल पावसानं धुऊन नेली आणि साखळीत वर होते म्हणून विजेतेपद त्यांना. दुसऱ्या वर्षी त्यांनी नाशिकला हरवून खेळून घेतलं. आपला त्यात कुठंच संबंध नव्हता. पण मला त्या दिवसांची आठवण फार येते. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेत, ग्राहक यायच्या आधी, आम्ही तिघं-चौघं रोकडखिडकीच्या मागं उभं राहून भांडायचो. याला आधी का पाठवलं, शेवटची ओव्हर त्याला का दिली. परभणीचे एक साहेब होते, ते तर चहा अर्धा टाकून उठायचे. "हे बघायलोत कशाला आपण," म्हणायचे, आणि रात्री सगळ्यात पहिला मेसेज त्यांचाच असायचा, टॉस काय झाला.

म्हणजे मला जिंकणं हवं होतं असं नाही. हवं होतंच, खोटं कशाला लिहू. पण जिंकण्याशिवायही चाललं होतं. हरायला आपलं माणूस होतं, तेवढ्यावर चाललं होतं.

यंदा नावं आली तेव्हा यादी पुन्हा पुन्हा वाचली. पुणे, कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, रायगड, सातारा. सोलापूर गेलं, आपण गेलो. मराठवाड्याचे आठ जिल्हे, त्यातलं एकही नाव नाही. बँकेत कुणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं. हरल्यावर एवढं बोलणारी माणसं, आणि टीमच गेल्यावर एक शब्द नाही. जणू सगळ्यांना आधीपासून माहीत होतं की हे आपल्याकडे टिकणार नाही. आपल्याकडे काही आलं की ते किती दिवस राहील याचा हिशेब आपण पहिल्या दिवशीच करून ठेवतो. मी केला नव्हता. मला खरंच वाटलं होतं की दहा वर्षांनी एखाद्या रविवारी गरवारेवर मॅच होईल, भाचा पुण्याहून येईल, आणि आम्ही दोघं वेगवेगळ्या रंगाच्या टोप्या घालून बसू.

टीम गेली म्हणून दुसरीत जा, हे कसं जमायचं? माहेरचं घर बंद झालं म्हणून कुणी शेजारणीच्या माहेरी दिवाळीला जातं का? गुलमंडीचं घर... असो.

३ जूनला बेंगळुरूनं आयपीएल जिंकली. अठरा हंगाम वाट पाहिली त्या लोकांनी. टीव्हीवर म्हातारी माणसं रडताना दाखवत होते, तेव्हा मीही रडले. हे म्हणाले, तुझा काय संबंध? दुसऱ्या दिवशी तिथं स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत अकरा माणसं गेली आणि त्या आनंदाचं पुढं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. त्यावर मला काही लिहवत नाही. पण ३ तारखेच्या रात्री मला त्यांचा हेवा वाटला होता. त्यांच्या कपचा हेवा नव्हता, वाट पाहायला त्यांच्याकडे कुणीतरी होतं त्याचा होता. अठरा वर्षं हरणारी का होईना, टीम दर वर्षी उभी तर राहत होती.

हेवा विदर्भाचाही वाटतो. तेही आपल्यासारखेच, सगळं पश्चिमेला जातं म्हणून कुरकुरणारे. पण त्यांची स्वतंत्र संघटना आहे, जामठ्याचं मैदान आहे, स्वतःच्या नावाची रणजी टीम आहे. यंदा मार्चमध्ये तिसऱ्यांदा रणजी जिंकली त्यांनी, केरळविरुद्ध, आपल्या घरच्या मैदानावर. नागपूरचं पोर खेळलं की नागपूर खेळतं. आपलं पोर खेळलं की महाराष्ट्र खेळतो. ते बरोबरच आहे, महाराष्ट्र आपलाच आहे. तरी.

अण्णा असते तर त्यांनी मला गप्प केलं असतं. त्यांना हे असलं रडगाणं चालत नसे. डिसेंबर २००१, मोहाली, इंग्लंडविरुद्धची कसोटी. एकाच सामन्यात आपली दोन पोरं पदार्पण करत होती. औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी आणि बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर. शेवटी जिंकायला पाच धावा हव्या होत्या आणि सलामीला आला कोण, तर इक्बाल! फास्ट बॉलर! अण्णा खुर्चीतून उठून उभेच राहिले. तो नाबाद परत येईपर्यंत बसले नाहीत. पाच धावांचं काम, पण त्यांच्या तोंडून ते इतक्या वेळा ऐकलंय की मला ते शतकासारखं आठवतं. इक्बालला पुढं एकही कसोटी मिळाली नाही. त्याबद्दल अण्णा काही बोलत नसत, फक्त मोहाली सांगत.

बांगरबद्दल मात्र भरभरून बोलत. २००२ मध्ये हेडिंग्लेला ढगाळ हवेत सलामीला येऊन त्यानं ६८ केल्या. त्याच डावात द्रविड, सचिन, सौरव तिघांची शतकं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेपरात तिघांचे फोटो. अण्णांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "नवा बॉल कोणी खाल्ला ते कोणी छापायलंय का?" बांगर रणजीत रेल्वेकडून खेळायचा. अण्णांना त्याचं काही वाटत नव्हतं. पोरगं बीडचं ना, मग रेल्वे तर रेल्वे.

हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. आपल्याकडची माणसं कायम दुसऱ्याच्याच टीममध्ये गेली. खेळाडूच कशाला. दादा पुण्याला, वाकडला गेला, तेव्हा त्यालाही कुणीतरी "आमच्यात ये" म्हणालंच असेल, आणि तो गेला म्हणून पोराला शाळा बरी मिळाली, घर झालं, आईच्या ऑपरेशनला पैसे आले. आमच्या गल्लीतलं निम्मं घरदार हिंजवडीच्या बसमध्ये आहे. भाचा तिथंच जन्मला. त्याची टीम पुण्याची नसणार तर कुणाची असणार? त्यानं मला बोलावलं ते त्याच्या घरात बोलावलं. त्या घरात दादाही आहे.

दादानं आमखासवर टेनिस बॉलनं किती पोरांच्या दांड्या उडवल्या असतील. तो फोनवर मागून हसत होता. त्यानं एकदा तरी म्हणायचं होतं की, अरे, आत्याची टीम होती तशी माझीही होती. म्हणाला नाही. जाऊ दे. पोरापुढे कुठं सांगत बसायचं.

मघापेक्षा जरा शांत वाटतंय. राग होता तो उतरला, वाईट वाटतंय ते तसंच आहे, आणि ते राहिलं तरी हरकत नाही. भाच्याला मी सांगणार आहे की तुझ्या पुणेरी बाप्पाची मॅच असली की मला फोन कर, मी तुझ्यासाठी बघेन, तू जिंकलास तर मला आनंदच आहे. पण माझी जागा मोकळीच राहू दे. ती भरायची म्हणून मी कुणाच्या तरी रंगाची टोपी घालणार नाही. बसायला कुणी येईपर्यंत मोकळी राहील. लहान आहे, पण त्याला कळेल. त्याची शाळा बदलली तेव्हा जुन्या शाळेच्या वॉटरबॅगवरून त्यानं केवढा गोंधळ घातला होता.

आणि तोवर बघायला पोरं आहेतच की. बीडचा सचिन धस आहे. ६ फेब्रुवारी २०२४, बेनोनी, एकोणीस वर्षांखालच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल. समोर दक्षिण आफ्रिका, २४५ करायच्या आणि आपले ३२ वर चार बाद. तिथून त्यानं आणि उदय सहारननं १७१ ची भागीदारी केली. सचिन ९६ वर आउट झाला तेव्हा आई म्हणाली, "चार धावांसाठी देवानं एवढं कशाला अडवावं?" तरी मॅच दोन विकेट राखून जिंकली. दुसऱ्या दिवशी बँकेत बीडचा शिपाई पेढे घेऊन आला होता. शतक झालं नाही म्हणून कुणी पेढा कमी खाल्ला नाही.

तो त्या दिवशी सहाव्या नंबरला आला होता. माझं तेव्हापासून मत आहे की एवढं डोकं शांत असलेल्या पोराला वर पाठवायला पाहिजे, चार गेल्यावर कशाला बोलावता? हे मघाशी परभणीच्या साहेबांना मेसेज करून टाकलं. त्यांची बदली लातूरला झाल्यापासून बोलणंच झालं नव्हतं. एवढ्या रात्री जागे असतील असं वाटलं नव्हतं, पण उत्तर लगेच आलं. नमस्कार नाही, कशा आहात नाही. "मॅडम, खाली येतो म्हणूनच सावरतो. नवा बॉल झेपणार नाही त्याला, लिहून ठेवा."

झेपणार नाही म्हणे. बेनोनीत बॉल जुना होता का? साहेबांनी ती इनिंग पूर्ण पाहिलेलीच नाही, माझी खात्री आहे. आता त्यांना मोहालीपासून सगळं सांगते.