अठ्ठेचाळीस की एकोणपन्नास

इंदूर, रविवार, रात्र

सुनंदाच्या कथेचा तिसरा खर्डा आज फाडून टाकला. ती काल्पनिक भौतिकशास्त्रज्ञ आहे आणि तिची दोन आयुष्ये शेजारी शेजारी चालतात, एवढे पहिल्यापासून ठरलेले होते. परंतु तिन्ही खर्ड्यांत फाटा फुटत होता तो स्टेशनवर, गाडीत चढावे की माघारी फिरावे या तिच्या घालमेलीपाशी, आणि ते मला खोटे वाटत होते. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ साली मांडलेल्या विचारात प्रत्येक शक्यता जगाच्या वेगळ्या शाखेत खरी होते, पण शाखा फुटतात त्या अणूच्या पातळीवरील घटनांमधून, माणसाच्या निर्णयांमधून नव्हे. जन्मभर हा विषय शिकवलेल्या बाईने तरी एवढी ढिलाई करू नये.

म्हणून फाटा होळकर विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणला. टेबलावर किरणोत्सार मोजणारी गायगर-म्युलर नळी आहे, जवळ किरणोत्सारी नमुना नाही, सुनंदा केवळ पार्श्वभूमीची, म्हणजे आसपास नेहमीच असणाऱ्या किरणोत्साराची मोजणी घेत आहे. पहिल्या मिनिटाचा आकडा ३६. अशा मोजणीत आकडा साधारण आपल्या वर्गमुळाएवढा हलतो; ३६ चे वर्गमूळ ६, म्हणजे थोडा चढउतार चालायचाच. म्हणून सरांचा दंडक असा की पहिल्या आणि दहाव्या वाचनात १२ पेक्षा अधिक फरक पडला तर दहाही वाचने पुन्हा घ्यायची. दहाव्या मिनिटाला आकडा येतो ४८. पण भिंतीच्या विटांमध्ये पोटॅशियम-४० चा एक अणू आहे, ज्याचे अर्धायुष्य, म्हणजे असे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे; तेव्हा नेमक्या त्याच मिनिटाला त्याचे विघटन व्हावे असे कोणतेही बंधन त्याच्यावर नाही. एका शाखेत ते होत नाही. दुसरीत होते, त्याचा गॅमा किरण नळीत टिपला जातो आणि आकडा ४९ होतो.

४८ आल्यास ती वही मिटून टेम्पो गाठते, रामबागेत पोचते तेव्हा नाना नुकतेच जिन्यात कोसळलेले असतात, आणि ते वाचतात. पुढची अकरा वर्षे त्यांच्या उशाशी बसून ती शिकवण्या करते. ४९ आल्यास तिला उशीर होतो. मग घरात अडकवणारे कोणी उरत नाही, आणि कालांतराने ती राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ या कणत्वरकावर काम करू लागते, जिथे १७२.५ मीटर घेराच्या कड्यातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत असतात.

दोघी एकाच शहरात आहेत, आणि एकदा सराफ्यात त्यांची नजरानजर व्हावी असा मोह मला फार झाला. पण या शाखा ज्यातून निघतात ते श्रोडिंगरचे समीकरण रेषीय आहे. फुटलेल्या शाखांना एकमेकींची खबर लागत नाही. तो प्रसंग मी खोडला.

माझ्या जुन्या प्रयोगवहीत ४८ आहे. त्यामुळे दुसरीचे आयुष्य हेच खरे आयुष्य, माझ्या हातून निसटलेले, असे लिहिले जाईल अशी भीती मला पहिल्या ओळीपासून वाटत होती. सिद्धांतानुसार दोन्ही शाखा सारख्याच खऱ्या आहेत, आणि मला हे मनापासून पटते. माझे नाना आजारपणानंतर अडखळत बोलत, तरी रोज संध्याकाळी मी चप्पल काढत असतानाच विचारीत, “किती आले गं आज?” मी कोणताही आकडा सांगितला तरी ते समाधानाने मान हलवीत.

आता दुसरीचे प्रकरण लिहायला घेतले आहे. रात्रपाळी संपवून ती घरी येते, दिवा लावते, चप्पल काढते, आणि त्या दिवशीचा आकडा तिच्या तोंडावर आलेला असतो. इथपर्यंत लिहून झाले आहे.