पेटी, पट्टी आणि हॅमचा परवाना

मी पेटी शिकवते. विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. त्यामुळे हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या परवानाधारी वायरलेसची, परीक्षा देतेय म्हटल्यावर घरी आधी सगळे हसले आणि मग ‘व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला?’ असं विचारून झालं. आमच्या कॉलनीत एक काका जुने हॅम आहेत. त्यांच्या रिगवर, म्हणजे रेडिओ संचावर, एकदा तासभर ऐकत बसले आणि मला ते आवडलं, एवढंच कारण. कोणाला अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

परीक्षेचे दोन भाग असतात, एक रेडिओच्या तंत्राचा आणि दुसरा नियमांचा. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. परवान्याच्या दोन श्रेणी आहेत: रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सची (टिंब-रेघांच्या संकेतांची) परीक्षा नाही, जनरलला आहे. मी रिस्ट्रिक्टेड निवडली. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर भरला. फोटो आणि सही ठरलेल्या आकारात बसवताना वैताग आला, पण तो कुठल्याही सरकारी अर्जाला येतोच.

नियमांचा भाग पाठांतराचा आहे, त्यात प्रक्षेपणाच्या प्रकारांची सांकेतिक नावं येतात. ए३ई म्हणजे एएमवरचं बोलणं, जे३ई म्हणजे सिंगल साइडबँड, एफ३ई म्हणजे एफएम. तालाचे बोल पाठ करणाऱ्या माणसाला हे जड जात नाही. हॅम बँडवर गाणं-बजावणं प्रसारित करायला बंदी आहे, हेही तिथेच कळलं. म्हणजे माझ्याजवळ जे आहे नेमकं तेच तिथे चालत नाही.

तंत्रात ओहमचा नियम, कॉइल, कपॅसिटर इथपर्यंत गाडी नीट चालली आणि मॉड्युलेशनच्या, म्हणजे रेडिओ लहरीवर आवाज चढवण्याच्या, धड्यावर अडली. पुस्तकात पहिल्याच पानावर सूत्रं. हे मुळात करायचं कशाला, ते कुठे नाही. काकांनी आधी तेच सांगितलं. ‘तुझा आवाज हजार हर्ट्झचा धर. त्याची लहर तीनशे किलोमीटरची. ती तशीच सोडायची तर अर्ध्या लहरीचा अँटेना दीडशे किलोमीटरचा लागेल. बांध पुण्यापासून मुंबईपर्यंत तार!’ म्हणून आवाज वरच्या कंप्रतेच्या वाहक लहरीवर चढवायचा. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. तिथे कोणी हजार हर्ट्झची शिट्टी वाजवली तर ७९२च्या दोन्ही बाजूंना, ७९१ आणि ७९३वर, एकेक लहर उठते. हे झाले साइडबँड. मधली वाहक लहर आहे तशीच उभी असते.

मग त्यांनी गणित घातलं. वाहक १०० वॉट, मॉड्युलेशन शंभर टक्के. एकूण शक्ती १५० वॉट होते. त्यातले १०० वाहकात आणि उरलेले ५० दोन साइडबँडमध्ये, पंचवीस-पंचवीस. दोन्हींत मजकूर एकच. म्हणजे दीडशेतल्या पंचवीस वॉटमध्ये सगळं बोलणं मावतं, बाकीचे सव्वाशे नुसते सोबतीला. हे पाहिल्यावर सिंगल साइडबँड का निघालं ते वेगळं सांगावं लागलं नाही. वाहक काढून टाका, एक बाजू काढून टाका, उरलेली एकच पाठवा. जागाही निम्मी लागते. बोलणारा गप्प बसला की प्रक्षेपकातून जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही.

याची किंमत ऐकणारा मोजतो. वाहक आलेलाच नसतो, त्यामुळे तो रिसीव्हरमध्ये तयार करून मिसळावा लागतो, आणि तो अचूक जागी नसला की माणूस बदकासारखा बोलायला लागतो. पुस्तकात याला दोन ओळी होत्या. मी मात्र इथेच रमले.

काकांचा रिसीव्हर मध्यम लहरीही पकडतो. एका संध्याकाळी पुणे केंद्रावर गाणं चालू होतं. त्यांनी रिग साइडबँडवर टाकली आणि डायल जराशी, पन्नास हर्ट्झ, सरकवली. गाण्याचं काय झालं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. पट्टी बदलली म्हणावं तर तसं नव्हतं. तानपुरा तानपुराच राहिला नाही. घरी येऊन कागद घेतला. माझा सा काळी चार, म्हणजे २०८ हर्ट्झ. पंचम त्याच्या दीडपट, ३१२. तार सा दुप्पट, ४१६. आता प्रत्येकात पन्नास मिळवा: २५८, ३६२, ४६६. सा जवळपास पांढरी एकला गेला, ते चालेल. पण ३६२ भागिले २५८ म्हणजे १.४०. तो पंचम नाहीच, तीव्र मध्यम झाला! आणि ४६६ला २५८ने भागलं तर १.८०, कोमल निषाद. सा-प-सां सरकवलं आणि हाती आलं सा, तीव्र म, कोमल नि.

पेटीवर पट्टी बदलतो तेव्हा सगळ्या स्वरांना एकाच संख्येने गुणलं जातं, म्हणून राग तोच राहतो. मूर्च्छनेत तर स्वर जागचे हलतही नाहीत, फक्त सा दुसरीकडे मानायचा. भूपाचा गंधार सा धरला की मालकंस उभा राहतो, पंचम धरला की दुर्गा, धैवत धरला की धानी. माझ्या विद्यार्थ्यांना हा खेळ फार आवडतो. रेडिओ मात्र गुणत नाही, बेरीज करतो. बेरजेत स्वरांची आपसातली नाती तुटतात. धड्यातली साइन-कोसाइनची सूत्रं त्या रात्री पहिल्यांदा वाचवली, कारण तिथे दोन कंप्रतांची बेरीज-वजाबाकीच लिहिलेली होती.

बोलण्याचंही तेच. रिगचा फिल्टर साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं कापतो, माझ्या आवाजाचा मूळ स्वर तर दोनशेच्या आसपास. म्हणजे तो जातच नाही. तरी समोरच्याला बाईचाच आवाज ऐकू येतो, कारण वरच्या पटींवरून कान मूळ स्वर ओळखतो. पन्नास हर्ट्झ मिळवले की त्या पटी राहत नाहीत आणि कान गोंधळतो.

परीक्षेचं फार सांगण्यासारखं नाही. प्रश्न पर्यायांचे होते, वाहकातल्या शक्तीचा एक होताच. पास झाले. मग स्टेशनच्या परवान्याचा अर्ज, मग वाट पाहणं. दरम्यान सोसायटीच्या गच्चीवर चाळीस मीटर बँडचा डायपोल, म्हणजे अर्ध्या लहरीचा तारेचा अँटेना, बांधायचा होता, वीस मीटर तार. सेक्रेटरींना रेडिएशनची काळजी. त्यांच्या डोक्यावर मोबाइलचा टॉवर होता, पण ते बोलून दाखवलं नाही. भांडण होईल अशा स्वरात कोणी परवानगी मागत नाही.

व्हीयू३ने सुरू होणारी कॉल साइन, म्हणजे स्टेशनची ओळखखूण, मिळाल्यावर पहिल्यांदा बोलले ती ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे त्याच चाळीस मीटर बँडवर. आवाज इतका चढला की काकांनी शेजारून हात दाबला. जास्त जोरात बोललं तर लांब जात नाही. आवाज फाटतो आणि बाजूच्या कंप्रतांवर घाण पसरते. माइकपासून चार बोटं दूर, सपाट पण तुटक न होणारं, व्यंजनं स्वच्छ. निवेदनाच्या कार्यशाळांत चढ-उतार शिकवतात त्याच्या जवळजवळ उलटं. बंगळुरूच्या एका ओएमनी (हॅम मंडळी एकमेकांना ‘ओल्ड मॅन’ म्हणतात) ‘फाइव्ह नाइन’ दिलं, म्हणजे आवाज स्वच्छ आणि जोरदार येतोय. त्यांची स्वतःची कंप्रता किंचित सरकलेली होती. मी आकड्यांकडे न बघता कानाने त्यांना जागेवर आणलं; एवढं तरी पेटीने दिलं.

आता जनरलची तयारी चालू आहे, मोर्स मिनिटाला आठ शब्द. सरावाच्या बझरचा स्वर मी ६२४ हर्ट्झला लावलाय, म्हणजे माझा तार पंचम. काका म्हणतात, ‘अगं, सहाशेला ठेव, काय फरक पडतो?’ मी काही बदललेला नाही.