एलसीसाठी सात फेऱ्या

शाळा ठरवायला आम्हाला पंधरा दिवस पुरले. जुन्या शाळेतून लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी, बाहेर काढायला दीड महिना गेला. अजून त्या खिडकीची आठवण झाली की डोकं तापतं.

आम्ही गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले. लेक दुसरीपर्यंत म्हापशाला इंग्रजी माध्यमात होती. सकाळी पावणेसातला घर सोडायची, आणि कोलवाळच्या पुलावर वाहनं अडकली की परतायला दोन वाजायचे. त्याचंही चाललं असतं. पण एकदा ती इंग्रजीचा धडा घडाघड वाचत होती. मी विचारलं, याचा अर्थ काय गं? म्हणाली, "अर्थ नाही, टीचरनी खाली रेघ मारायला सांगितलंय." त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरात वाद व्हायचा तो झाला. दिराचं म्हणणं, सरकारीत कोण घालतं आता? आपल्याकडे गंमत अशी की ज्याला आपण खासगी म्हणतो त्यातल्या बऱ्याच शाळा अनुदानित. शिक्षकांचा पगार सरकारच देतं, इमारत आणि कारभार संस्थेचा. 1990 पासून प्राथमिकला अनुदान मराठी-कोकणी शाळांनाच होतं, 2011 साली ते इंग्रजीलाही मिळालं. मग आमच्यासारख्यांनीही पोरं तिकडे वळवली आणि गावच्या शाळांचा पट घसरत गेला. ट्यूशन फी नाही म्हणतात, पण पालक-शिक्षक संघाची फी, संगणकाची फी, स्नेहसंमेलनाचे पैसे यांची बेरीज केली तर महिन्याचं रेशन येईल.

गावची सरकारी मराठी शाळा मी स्वतः जाऊन बघितली, तीही न सांगता, सोमवारी दहा वाजता. मुलं तेरा, वर्ग चार, बाई एक. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ, एका बाजूला तिसरी, दुसऱ्या बाजूला चौथी. दुसरीची दोन पोरं खाली बसून काजूच्या बियांनी दहाचे गठ्ठे करत होती. एकानं चुकवलं तर चौथीतल्या मुलीनं उठून सुधारलं. मी तासभर मागे बसले आणि तिथंच माझं ठरलं. मिस्टर मोपाला विमानतळावर शिफ्टमध्ये असतात. ते फोनवर म्हणाले, तुला पटलं ना, मग घाल.

आता एलसी.

पहिली फेरी मे महिन्याच्या दोन तारखेला. अर्जाच्या नमुन्यात "शाळा सोडण्याचे कारण" असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं, गावातील सरकारी मराठी शाळेत घालायचे आहे. खिडकीतल्या क्लार्क मुलीचं पेन थांबलं. "बाई, असं कोणी लिहीत नाही. स्थलांतर घाला." मी म्हटलं, आम्ही कुठे चाललो स्थलांतर करून? तिनं अर्ज बाजूला सरकवला.

दुसऱ्या फेरीला "आयज हेडमास्तर ना, फाल्यां यात." मी फाल्यां, म्हणजे दुसऱ्या दिवशी, गेले, तर कार्यालय बारालाच बंद. मेमध्ये अर्धा दिवसच असतं, हे आधी सांगायला काय झालं होतं? ही झाली तिसरी. चौथ्या वेळी म्हणे, पुढच्या वर्षीच्या यादीत नाव चढलंय, पालक-शिक्षक संघाची फी भरून टाका, मग बघू. पुढच्या वर्षी जी मुलगी तिथं नसणार तिची फी! मी नाही भरली. आवाजही चढवला, ते नको होतं. ती बिचारी वरून सांगतील तेच बोलणार.

हो, मधेच सांगते नाहीतर राहील. दाखला हातात आला की खिडकी सोडण्याआधी जन्मदाखल्याशी एकेक अक्षर ताडून बघा. पाचव्या फेरीला मला दाखला दाखवला. मिस्टरांच्या कागदांवर त्यांच्या आजोबांच्या वेळचं पोर्तुगीज थाटाचं स्पेलिंग आहे. नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई. लेकीच्या जन्मदाखल्यावर तेच आलंय. एलसीवर कुणीतरी साधा 'के' ठोकून मोकळं झालेलं. परत टाईप करायला आठवडा.

तोवर जून लागला, पाऊस सुरू झाला, शाळा उघडल्या आणि लेक घरात बसून. मी रडकुंडीला येऊन गावच्या बाईंकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासून पाठवा तिला. दाखला मागाहून येईना का." मला खरं वाटेना. मग त्यांनी सांगितलं, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 वाचा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत मूल बदलून न्यायचं असेल तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. तो मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, आणि उशीर करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाईसुद्धा होऊ शकते. हे मला मेच्या दोन तारखेला माहीत असतं तर!

त्या रात्री साध्या कागदावर अर्ज लिहिला, कलमाचा उल्लेख केला, खाली "प्रत: भागशिक्षणाधिकारी" असं टाकलं. दोन प्रती नेल्या आणि एकीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का मारून घेतला. शिक्क्याशिवाय मी हलणारच नव्हते, स्टुलावर बसून राहिले. दोन दिवसांत फोन आला, दाखला तयार आहे. फीचं नाव कोणी काढलं नाही. शिक्क्याची सहावी फेरी धरून ही सातवी, आणि परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी एकटीच हसत होते.

तुम्ही करणार असाल तर इनवर्ड पहिल्याच दिवशी करा. आणि सरकारी शाळेत जाल तेव्हा विचारा की बाई रजेवर किंवा निवडणुकीच्या कामावर गेल्या तर वर्ग कोण बघतं. आमच्याकडे शेजारच्या गावचे सर येतात, पण दर वेळी नाही. एकशिक्षकी शाळेचं हे दुखणं आहेच, मी लपवत नाही. पट आणखी घसरला तर शाळा बंद होईल ही भीतीही आहे. इंग्रजीची मात्र फार काळजी नको. विषय म्हणून ते इथं पहिलीपासून असतं, आणि चौथीनंतर हायस्कुलात बहुतेकांचं माध्यम इंग्रजीच होतं. तोवर निदान तिला वाचलेलं कळू दे.

लेक आता चालत जाते, आठ मिनिटांत. पावसात छत्री उलटी होते तेवढाच त्रास.

दाखला बाईंनी पत्र्याच्या कपाटात ठेवलाय. ठेवायच्या आधी मी पुन्हा वाचला. आडनाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. कारण: स्थलांतर.