मॉरिशस, भाड्याची गाडी आणि सोळा पायऱ्या

गाडी ताब्यात घेताना बायकोने चारही बाजूंनी फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढला, तेव्हा मी वैतागलो होतो. परत देताना कंपनीच्या माणसाने मागच्या बंपरवरचा ओरखडा दाखवून डिपॉझिट कापायची भाषा केली. व्हिडिओत तोच ओरखडा पहिल्या दिवसाचा! पैसे परत मिळाले, आणि घरात मला काही दिवस गप्प बसावं लागलं.

बाकी गाडी चालवणं सोपं. मॉरिशसमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. बेट इंग्रजांकडे आलं, पण गावांची नावं फ्रेंचच राहिली, त्यामुळे पाटी वाचता वाचता वळण निघून जातं. त्यात सर्कलं फार. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे आपल्या हाडात नसतं. गावाबाहेर उसाच्या भिंतींमधून अरुंद रस्ता जातो. त्यात समोरून बस आली की पोटात गोळा.

महेबुर्गपासून सुरुवात केली. इथल्याच उपसागरात ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंच आरमाराने इंग्रजांना हरवलं. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचं नाव कोरलंय. मात्र डिसेंबरात बेट इंग्रजांनी घेतलंच. दक्षिणेला ग्री-ग्री इथे प्रवाळाची रांग तुटलेली आहे, म्हणून लाटा थेट कड्यावर आदळतात. पोहायचं नावच नको. पुढे माकोंदेला रस्ता कड्याला वळसा घालून समुद्राला अगदी चिकटतो. तिथे मी एकदाही पाण्याकडे पाहिलं नाही.

ल मॉर्नचा डोंगर ५५६ मीटर. मालकांच्या तावडीतून पळालेले गुलाम इथे लपत. १८३५ मध्ये गुलामी संपल्याचं सांगायला शिपाई वर गेले, तर पकडायला आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका सांगतात. आम्ही पायथ्याशीच थांबलो.

शेवटी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आणलेले मजूर जिथे उतरत तो धक्का. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलस' जहाजातून करारावर आणलेले ३६ मजूर उतरले. पुढे साडेचार लाखांवर माणसं आली, त्यांत आपल्या रत्नागिरीकडचीही. माझं आजोळ तिकडचंच. बंदरातून आत नेणाऱ्या दगडी पायऱ्या सोळा. बायकोने मोजल्या, मग मीही मोजल्या. अंगठ्याएवढ्या खाचा असलेला काळा दगड उन्हाने तापला होता. बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.