पाचवं नाव

गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे आमच्यासारख्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजला मोठं काम काढायचं तर तेच दोन महिने. त्या वर्षी सासष्टीतल्या आमच्या युनिटमध्ये अमोनिया गॅसवर थंडी करणारा नवा प्लांट बसला, ऑगस्ट लागला की माल येणार, तोपर्यंत आत थंडी हवीच. गॅस भरण्याआधी प्लांट खरंच चालवण्याजोगा आहे का ते तपासणारा रेडिनेस रिव्ह्यू करायचा आणि त्याची टीम मी जमवायची असं ठरलं. मी सेफ्टीला आहे.

साहेबांनी पाच नावं दिली. प्रोजेक्ट इंजिनियर, त्याचा असिस्टंट, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, इलेक्ट्रिकल सुपरवायझर आणि मी. म्हणजे मला सोडलं तर ज्यांनी प्लांट उभा केला तेच सगळे. माणसं चांगली, भर पावसात उभं राहून त्यांनी वेल्डिंग करून घेतलंय, पण आपला पेपर आपणच तपासला की चूक दिसत नाही, डोक्यात जे असतं तेच कागदावर दिसतं. मी म्हटलं, सर, यांना उत्तरं द्यायला बसवूया, प्रश्न विचारायला दुसरे लागतील. टेक्सास सिटीच्या रिफायनरीचं सांगितलं, २३ मार्च २००५ ला तिथे युनिट सुरू करताना स्फोट होऊन १५ माणसं गेली, आणि स्टार्टअपआधीचा असाच रिव्ह्यू तिथे झालाच नव्हता. साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, बघ तू.

मेकॅनिकलचे दोघं दुसऱ्या युनिटमधून मिळाले. इलेक्ट्रिकलला एक रिटायर्ड सिनियर फोंड्याहून यायला तयार झाले. अडलं पाचव्या नावावर. मला पेडण्याचे काका हवे होते, जुन्या प्लांटवर बावीस वर्षं ऑपरेटर. एचआर म्हणे रिव्ह्यूला इंजिनियर लागतात, ऑपरेटर कशाला, आणि जुना प्लांट चालू आहे, त्यांच्या जागी बसणार कोण? दुसरं म्हणणं खरं होतं. नाइट करून सकाळी त्यांना रिव्ह्यूला उभं करणं मला मान्य नव्हतं, झोप नसलेला माणूस काय तपासणार. शेवटी बाहेरून ऑपरेटर मागवला, त्याला आधी एक अख्खी शिफ्ट काकांबरोबर बसवलं, मगच काकांना मोकळं केलं. यात दोन दिवस गेले.

रिव्ह्यूच्या दिवशी बाहेर धो धो पाऊस. ड्रॉइंग हातात घेऊन आम्ही एकेक लाइन बघत फिरत होतो, सगळं जुळत होतं. काका ऑइल पॉटपाशी थांबले आणि उकिडवे बसले. कॉम्प्रेसरचं तेल अमोनियाबरोबर पुढे जातं, द्रव अमोनियापेक्षा जड म्हणून तळाशी साचतं, ते अधूनमधून हाताने काढावं लागतं आणि तेलामागून अमोनिया सुटायची भीती याच कामात मोठी. काकांनी एक हात व्हॉल्व्हवर ठेवला, दुसऱ्या हातात बादली धरल्यासारखं केलं आणि मान वळवून मला म्हणाले, "बाय, आता गॅस सुटलो तर हांव वचूं खंय?" म्हणजे, मी जाऊ कुठे?

मागे भिंत, डावीकडे केबल ट्रेचा सपोर्ट. दार गाठायचं तर पॉटला वळसा घालून, म्हणजे गॅसमधूनच. आणि ड्रेनला साधा चाकाचा व्हॉल्व्ह, हात काढला तर उघडाच राहणारा. तिथे स्प्रिंगचा लागतो, हँडल सोडलं की आपोआप बंद होणारा. ड्रॉइंगवर नुसतं ड्रेन व्हॉल्व्ह एवढंच लिहिलेलं, म्हणून कागदाशी सगळं बरोबर. ३०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग अमोनिया झाला की जिवाला धोका धरतात, डोळे उघडत नाहीत, श्वास कोंडतो, त्यात माणूस चाक फिरवत बसेल का?

प्रोजेक्ट इंजिनियर काही बोलला नाही. काका उठल्यावर तो स्वतः त्या जागी बसला, दाराकडे बघितलं, आणि म्हणाला, सपोर्ट हलवतो. मला त्याचं फार बरं वाटलं.

मी लिहिलं, दोन्ही कामं झाल्याशिवाय गॅस भरायचा नाही. व्हॉल्व्ह मुंबईहून यायला वेळ लागला, साहेबांना वरून रोज फोन, पण त्यांनी आधी सही केली नाही, हे मी विसरणार नाही.

ऑगस्टमध्ये काकांनी नव्या प्लांटचं पहिलं तेल काढलं. मास्क लावून, दाराची वाट मोकळी ठेवून. झाल्यावर हँडल सोडलं, ते खट्कन बंद झालं. मग काकांनी बादली बाजूला ठेवली आणि ड्रेनच्या तोंडाला पुढचा प्लग घट्ट बसवला.