टॉर्च घरंगळली म्हणून

गेल्या ऑगस्टमधला रविवार. कोपरखैरण्यात सिडकोच्या बैठ्या घरांच्या ओळीत आमचं घर आहे. दारापुढे एक गाडी कशीबशी मावेल एवढी जागा, तिथे आठ वर्षांपूर्वी मीच पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. गणपतीला चिपळूणला जायचं होतं आणि आमची वॅगन आर वळण घेताना डाव्या पुढच्या चाकातून कटकट आवाज करायला लागली होती. असा आवाज बहुतेक वेळा एक्सलच्या जॉइंटचा असतो. जॉइंटवरचं रबरी बूट, म्हणजे त्याचं आवरण, फाटतं, आतलं ग्रीस उडून जातं, पावसाचं पाणी आणि माती आत शिरते आणि जॉइंट झिजायला लागतो. बूट फाटलंय का, एवढंच मला बघायचं होतं. दहा मिनिटांचं काम.

हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, ट्रॉली जॅक लावून डावी बाजू उचलली आणि चाक काढलं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला आणि उताणा आत सरकलो, छातीपर्यंत. उचललेली गाडी जिच्यावर टेकवून ठेवतात ती लोखंडी घोडी (जॅक स्टँड) माझ्याकडे नव्हती. आधी चारपाच वेळा मी असाच गाडीखाली गेलो होतो, कधी काही झालं नव्हतं.

टॉर्च बाजूला जमिनीवर ठेवली होती. ती हळूहळू घरंगळत फाटकाच्या दिशेला निघाली. हात पुरेना, म्हणून मी सरकत बाहेर आलो, गुडघ्यांवर उठलो आणि टॉर्चकडे हात लांबवला. पाठीमागे दगडावर दगड घासल्यासारखं ‘कर्र’ झालं आणि लगेच धप्प. आवाज फार मोठा नव्हता. स्वयंपाकघरात हिला तो ऐकूही गेला नाही.

वळून पाहिलं तर गाडीचा डावा कोपरा जमिनीवर बसला होता. चाक नसल्यामुळे ब्रेकची डिस्क सरळ पेव्हरवर आदळून त्यात रुतली होती. जॅक आडवा होऊन पडला होता. पुठ्ठ्यावर माझ्या घामेजलेल्या पाठीचा ठसा उमटला होता, अर्धा बाहेर आणि अर्धा गाडीखाली. मी पुठ्ठ्याचं टोक धरून ओढलं. तो हलला नाही. पुन्हा दोन्ही हातांनी ओढलं, तरी हलला नाही. त्यानंतर किती वेळ मी तसाच बसून होतो ते मला सांगता येणार नाही.

अशा वेळी माणूस ओरडून कुणाला बोलावेल असं वाटतं, पण तसं होत नाही. छातीवर ओझं आलं की फासळ्यांना फुलायला जागा उरत नाही. श्वास आत जात नाही, मग आवाज कुठून निघणार? हाड मोडलेलं नसतानाही माणूस गुदमरून जातो, आणि तेही काही मिनिटांत. आमच्या दारात त्या वेळी कुणीच नव्हतं.

गल्लीतली मुलं धावत आली आणि मडगार्डला हात घालून गाडी उचलायला लागली. त्यांना मी आधी मागे सारलं. त्यांच्या हातून गाडी सुटली असती तर खाली त्यांची बोटं सापडली असती. शेजारच्या काकांचा जॅक आणला, खाली फळी घातली, हळूहळू गाडी वर घेतली आणि चाक परत लावलं. नुकसान तसं थोडकं होतं. डिस्कची कड दुखावली, मागचं पत्र्याचं कव्हर वाकलं आणि दाराखालच्या पट्टीची शिवण एका जागी दुमडली.

संध्याकाळी तिथेच बसून झालं तरी काय, ते शोधत राहिलो. जॅक नीट होता, तेल गळत नव्हतं. चुकलं होतं जमिनीत. जॅकचं पुढचं चाक ज्या पेव्हरवर होतं तो दीडेक इंच खचला होता. तो उचलून पाहिला तर खालची कच जवळजवळ गायब. पावसाच्या पाण्याबरोबर ती सांध्यांतून थोडी थोडी वाहून गटारात गेली होती, आणि वरून फरशी जशीच्या तशी सपाट दिसत होती. पाणी निघून जावं म्हणून फाटकाकडे उतार मीच ठेवून घेतला होता. टॉर्च त्याच उतारावरून गेली.

ट्रॉली जॅकला चाकं का असतात, याचाही मी कधी विचार केला नव्हता. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीसारखा वळत जातो. त्यामुळे गाडी जशी वर येते तसा जॅकला गाडीखाली थोडं पुढेमागे सरकावं लागतं. माझ्या जॅकचं चाक दोन पेव्हरच्या फटीत अडकलं होतं. जॅकला सरकता येईना, म्हणून त्याच्या डोक्यावर गाडीच सरकत गेली. उचलताना ती किंचित तिरकी झालेली मला दिसली होती, आणि मी तरीही दांडा दाबत राहिलो. ही गोष्ट मला अजून टोचते.

कळंबोलीच्या लोखंड बाजारापाशी ट्रकची कामं करणारे एक मिस्त्री सासऱ्यांच्या ओळखीचे आहेत. मूळचे साताऱ्याकडचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो आणि झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. ते टिपरचं, म्हणजे मागचा डबा उचलून माल ओतणाऱ्या ट्रकचं, काम करत होते. वर उचललेल्या डब्याला त्यांनी आधी आधाराचा दांडा लावला, तो हाताने हलवून बघितला आणि मगच खाली वाकले. हायड्रॉलिकवर उभ्या असलेल्या डब्याखाली त्यांनी बोटसुद्धा नेलं नाही.

“जॅकवर गाडी उचलायची असती, ठिवायची नसती,” ते म्हणाले. “ठिवायला घोडी. जॅकमधी तेल हाय आन् एक रबराचं वायसर हाय. वायसर फाटलं तर त्ये तुला आधी सांगणार न्हाय.”

मी विटांचं विचारलं. आमच्या भागात बांधकामं सतत चालू असतात, त्यामुळे सिमेंटचे ठोकळे दारोदार पडलेले असतात आणि गाडीखाली सर्रास तेच लावले जातात. मामांनी मान हलवली. वीट किंवा सिमेंटचा पोकळ ठोकळा भिंतीत सगळीकडून सारखा भार घेतो, पण गाडीच्या पत्र्याची कड एका रेषेत दाबली गेली की त्याचा एकदम भुगा होतो. लाकूड आधी करकरतं, चेपतं. वीट काही कळवत नाही.

दुसरी गोष्ट मला त्यांनीच समजावली. आमच्या गाडीत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो आणि गिअर पुढच्या चाकांना. एक पुढचं चाक हवेत गेलं की गिअरची पकडही संपते, कारण दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे वरचं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक घरंगळू शकतं. म्हणजे त्या दिवशी उतारावर माझी आख्खी गाडी एका हँडब्रेकच्या वायरीवर होती. मागच्या चाकांना लाकडी गुटके मी लावलेच नव्हते.

निघताना मामांनी जुन्या बेअरिंगमधला एक छर्रा माझ्या हातावर ठेवला. “जॅक लावायच्या आधी ह्यो खाली ठिवायचा. पळाला, तर तिथं काम करायचं न्हाय.”

तुर्भ्याहून घोड्यांची जोडी आणली. त्यावरचा टनाचा आकडा अनेकदा एका घोडीचा नसतो, जोडीचा असतो, हे घेताना बघावं लागतं. मी ३ टनांची घेतली. गाडीचं वजन साडेआठशे किलोच्या आसपास आहे, तरीही. भोकात खिटी घालून उंची पक्की करायची घोडी निवडली. दात्यांवर अडकणारीही चालते, पण दाता पूर्ण बसला की नाही ते दर वेळी बघावं लागतं, आणि माझा तेव्हा कशावरच विश्वास उरला नव्हता.

गणपतीला आठ दिवस उरले होते आणि आवाज वाढला होता. आमच्या दारात काम करायचं नाही हे नक्की होतं. काकांच्या दारापुढे सिमेंटचा कोबा आहे. तिथे छर्रा ठेवला, तो जागच्या जागी राहिला. आधी चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल केले. गाडी वर असताना नटाला हिसके द्यायचेच नाहीत. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून गुटके लावले. अडचण पुढे आली. दाराखालच्या पट्टीवर जॅकसाठी दोन खाचा असतात, आणि घोडीलाही नेमकी तीच जागा हवी असते. मामांनी पुढच्या सस्पेन्शनची जाड फ्रेम दाखवून ठेवली होती, तिथे जॅक लावला. ऑइलच्या चेंबरला जॅक लागणार नाही हे दोनदा वाकून पाहिलं. गाडी थोडी थोडी वर घेत गेलो आणि या वेळी जॅक पुढे सरकतोय का इकडेच लक्ष ठेवलं. सरकला, बोटभर.

घोड्यांखाली १९ मिलिमीटरच्या प्लायचे फूटभर तुकडे घातले, कारण घोडीच्या पायांच्या कडा अरुंद असतात आणि कोबा खाली किती जाड आहे ते काकांनाही माहीत नव्हतं. डांबरावर तर हे हवंच, दुपारच्या उन्हात डांबर मऊ पडतं आणि पाय आत जातात. दोन्ही घोड्या एकाच भोकावर ठेवल्या, पट्टीच्या शिवणीसाठी वर खाचेचं रबर बसवलं आणि गाडी हळू खाली सोडली. जॅक काढून घेतला नाही, फ्रेमला जेमतेम टेकेल असा ठेवला. काढलेलं चाक पट्टीखाली आडवं सरकवलं.

मग मामांनी बजावलं होतं ते केलं. “ढकल. पडायची आसंल तर तू भाईर असताना पडू दे.” मी खांदा लावून गाडी जोरात हलवली, पुढून आणि बाजूनेही. घोड्या जागच्या हलल्या नाहीत.

किल्ली हिच्याकडे दिली. ती खुर्ची टाकून दारात बसली, काम संपेपर्यंत उठली नाही. डिकीतला दुसरा जॅक तिच्या पायाशी ठेवला होता, तो कुठे लावायचा ते तिला दाखवलं आणि एकदा तिच्याकडून करवूनही घेतलं. तसंच काही झालं तर आधी १०८ लावायचा आणि मग जॅक. मुलीला गाडीच्या दारालाही हात लावायचा नाही असं सांगितलं. पाण्याची बाटली काढायला कुणीतरी दार उघडतं आणि धाडकन आपटतं, तेवढं धक्क्याला पुरतं.

एवढं करूनही आत जाताना माझे हात गार पडले होते. आधी फक्त डोळे आणि टॉर्च आत नेली. डोळ्यांवर चष्मा होता, तरी गंजाचे कण ओठांवर पडले. खाडीच्या हवेने गाडीचं पोट बाहेरून दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त खाल्लेलं असतं. बूट फाटलेलं होतंच. रबराला तीन बोटांची चीर पडली होती आणि काळं ग्रीस आतल्या बाजूला सगळीकडे शिंपडलं होतं.

बूट मी स्वतः बदललं नाही. एक्सलचा नट भयंकर घट्ट असतो, आणि गाडीखाली आडवं पडून पाइप लावून तो ओढायचा म्हणजे आपणच गाडी घोडीवरून खाली ओढण्यासारखं आहे. ज्या कामाला अंगाचा जोर लावावा लागतो ते मी आता गॅरेजला देतो. तेल, फिल्टर, तपासणी एवढं घरी. सोमवारी गॅरेजमध्ये नवं बूट बसलं आणि आम्ही वेळेत चिपळूणला पोचलो.

दिवाळीनंतर दारापुढचे पेव्हर उचलून टाकले. खाली दोन ठिकाणी मूठ जाईल एवढी पोकळी निघाली. भर घालून नीट चोपून घेतली आणि सहा इंचांचा काँक्रीट कोबा केला. पाणी जायला उतार कडेने ठेवला, गाडीची जागा सपाट. गवंड्याला वाटलं मी उगाच खर्च करतोय. महिनाभर तिथे जॅक लावला नाही.

डिसेंबरात ऑइल बदलायचं होतं. हिने खुर्ची दारात आणली. मी खिशातून छर्रा काढला आणि कोब्यावर ठेवला. मुलगी उकिडवी बसून त्याच्याकडे बघत राहिली. छर्रा हलला नाही. मग मी गुटके आणायला उठलो.