मांडववाल्याला पैसे, मला नारळ

"दादा, संस्थेचं काम आहे, बजेट नाही हो." हे वाक्य मला आता पाठ झालंय. गेल्या डिसेंबरात वेल्ह्याकडे एका सेवाभावी संस्थेच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला गेलो. पहाटे पाचला स्कूटरला किक, दिवसभरात अकराशे फ्रेम, मग तीन रात्री एडिटिंग. मांडववाल्याला पैसे, जेवणवाल्याला पैसे, साउंडवाल्याला तर ॲडव्हान्स. मला शाल आणि नारळ. नारळ खवट निघाला, ते जाऊ दे.

आता मी पूर्ण रकमेचं बिल करतो. संस्था मनापासून आवडली, तर त्यातले काही पैसे चेकने देणगी म्हणून परत देतो. जुन्या करप्रणालीत देणगीसाठीची प्राप्तिकराची सवलत पैशाच्या देणगीवर मिळते, फुकट केलेल्या कामावर नाही. फोटोंचे हक्क कुणाचे, हेही लिहून घेतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट काम देणाऱ्याचा.

आई म्हणते, "पुण्यकर्माचे पैसे घेतोस?"

शेजारच्या आजींच्या वाचनालयाचे फोटो मात्र अजून फुकटच काढतो. तिथे कुणालाच पैसे मिळत नाहीत, आणि चहा त्या स्वतः करतात.